स्वस्त विमान कंपनीचा रोजचा दिवस कॅमेऱ्यात कसा धरायचा

ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर १९९८ साली ‘एअरलाइन’ ही विमान कंपनीच्या रोजच्या कामावरची मालिका सुरू झाली. पहिल्या पर्वात ब्रिटानिया एअरवेज होती, पुढच्या पर्वापासून ल्युटनची ईझीजेट आली आणि २००७ पर्यंत तीच टिकली. अमेरिकेत ए अँड ई वाहिनीने हाच साचा उचलून २००४ मध्ये साउथवेस्ट या स्वस्त विमान कंपनीवर मालिका काढली. प्रेक्षकांच्या लक्षात राहिली ती काउंटरवरची भांडणं. म्हणून आज असं काम हाती घेणारा चित्रीकरणाचा नवा गट पहिल्या दिवशी चेक-इनपाशी कॅमेरा लावतो आणि कोणीतरी आरडाओरडा करायची वाट बघतो. दोन दिवसांत त्याच्याकडे डझनभर भांडणं जमतात, गोष्ट मात्र एकही जमत नाही.

भांडण काउंटरवर दिसतं, पण त्याचं कारण बहुतेक वेळा तिथे नसतं. ते तीन तासांपूर्वी दुसऱ्याच शहरात, रॅम्पवर (विमानं उभी राहतात त्या जागेवर), सामानाच्या पट्ट्यावर किंवा वैमानिकाच्या ड्युटीच्या तासांत दडलेलं असतं. ते कारण चित्रित झालं नाही, तर पडद्यावर प्रवासी माथेफिरू दिसतो आणि कर्मचारी निर्दयी. पुढची सगळी तयारी त्या कारणापर्यंत वेळेत पोचण्यासाठी आहे.

आधी गणित

विमान जमिनीवर असताना कमावत नाही. साउथवेस्टने १९७२ मध्ये आपल्या चार बोइंग ७३७ पैकी एक विकलं आणि उरलेल्या तिघांवर तेच वेळापत्रक चालवलं; ते जमलं, कारण उतरलेलं विमान दहा मिनिटांत पुन्हा सोडायची शिस्त त्यांनी बसवली. आज १८० ते १८९ आसनांच्या विमानाला दहा मिनिटं पुरत नाहीत, २५ ते ३० मिनिटं लागतात. उतरण्यापासून पुन्हा सुटण्यापर्यंतच्या या कामाला सगळीकडे टर्नअराउंड म्हणतात, आणि तुमच्या मालिकेचा नायक तोच.

एक विमान दिवसभरात सहा फेऱ्या करतं असं धरा. पहिली फेरी सकाळी २० मिनिटं उशिरा सुटली आणि प्रत्येक थांब्यावर वेळापत्रकात ५ मिनिटांची सैल जागा असली, तर सगळं सुरळीत होऊनही पाचव्या फेरीलाच विमान वेळेवर येतं. मध्ये एक व्हीलचेअर उशिरा आली की ती सैल जागा संपली. संध्याकाळच्या उशिरावर कंपनीच्या नोंदीत बहुतेकदा ९३ हा आकडा पडतो. विमान आधीच्या फेरीवरून उशिरा आलं, असा त्याचा अर्थ. हे कोड जगभर सारखेच आहेत: ४१ म्हणजे तांत्रिक बिघाड, ८१ म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाने दिलेला थांबा. रोज रात्री ऑपरेशन्स विभागाकडून दुसऱ्या दिवशी वापरायला उशिरांची, कोड असलेली यादी मागून घ्या. ९३ दिसला की मागे मागे जात पहिली फेरी गाठा. तुमची गोष्ट तिथे सुरू होते. त्यासाठी सकाळी पाच ते सात ही वेळ कधीही चुकवू नका. रात्री तळावर उभी असलेली विमानं या वेळात एकामागून एक सुटतात आणि दिवस कसा जाणार ते तिथेच ठरतं.

परवानग्या

कंपनी हो म्हणाली म्हणजे काम झालं, हा पहिला गैरसमज. भारतात निदान चार दारं ठोठावावी लागतात: विमान कंपनी, विमानतळ चालवणारी संस्था, नागरी विमान सुरक्षा ब्युरो (ज्याचा प्रवेश परवाना असल्याशिवाय सुरक्षित भागात पाऊल ठेवता येत नाही) आणि सीआयएसएफ. आंतरराष्ट्रीय उड्डाण असेल तर सीमाशुल्क आणि इमिग्रेशन वेगळे. परवान्यासाठी पार्श्वभूमीची पडताळणी होते, त्यामुळे गटातल्या माणसांची नावं आयत्या वेळी बदलता येत नाहीत. दोन जास्तीची नावं आधीच घालून ठेवा. कॅमेरामन आजारी पडला आणि बदलीला परवाना नाही, एवढ्यावरून आठवडा वाया जातो.

विमानतळ निवडताना मालकी बघा. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं आहे, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. अशा ठिकाणी धावपट्टीच्या बाजूने चित्रीकरण जवळजवळ विसरूनच जा. मे २०२५ मध्ये तर संरक्षण दलांच्या विमानतळांवर उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी खिडक्यांच्या झडपा बंद ठेवायचा आदेश निघाला होता. गोव्यात काम करायचं असेल तर मोपा निवडा, ते नागरी आहे.

कंपनीशी करार करताना दोनच मुद्द्यांवर हटून बसा. एक, अंतिम संकलनावर शेवटचा शब्द तुमचा. कंपनीने तथ्याची चूक आणि सुरक्षेचा भंग एवढंच दाखवून द्यायचं. दोन, दिवस बिघडला म्हणून कॅमेरे बाहेर काढायचे नाहीत. दुसरं कलम लेखी नसेल तर नेमक्या हव्या त्या दिवशी तुम्ही पार्किंगमध्ये उभे असाल. ईझीजेटने कॅमेऱ्यांना दार उघडलं आणि रागावलेले प्रवासी दिसत असतानाही ते उघडंच ठेवलं, म्हणून ती मालिका इतकी वर्षं चालली.

गट आणि सामान

मोठा गट नेऊ नका. दोन-दोन माणसांच्या तीन जोड्या पुरतात: एक चेक-इनला, एक गेटवर, एक रॅम्पवर. प्रत्येक जोडीत एक कॅमेरा आणि एक ध्वनी. सातवा माणूस ऑपरेशन्सच्या खोलीत बसलेला हवा, हातात फोन आणि वही घेऊन. “सहाशे बारा नंबरचं विमान चाळीस मिनिटं मागे आहे” हे त्याला गेटच्या आधी कळतं आणि तो जोड्यांना हलवतो. चित्रीकरणाच्या आधी दोन आठवडे कॅमेऱ्याविना फिरा. कोण कॅमेऱ्यासमोर गडबडतं, कोण कामात असताना सहज बोलतं, हे त्याशिवाय कळत नाही.

सगळ्या कॅमेऱ्यांचा टाइमकोड (चित्राबरोबर नोंदली जाणारी वेळ) प्रत्यक्ष घड्याळाच्या वेळेवर लावा आणि रोज सकाळी विमानतळाच्या घड्याळाशी जुळवा. ही एक गोष्ट केली नाही तर काउंटरवरचं भांडण आणि रॅम्पवरचा बिघाड एकाच क्षणी घडला की तासाभराच्या अंतराने, हे नंतर कोणीही सांगू शकत नाही. यात एक खोच आहे. वैमानिक आणि ऑपरेशन्सच्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत असतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यांच्या कागदावर ००:४० लिहिलं असेल तर ते आपलं सकाळचं ६:१०. वहीत दोन्ही रकाने ठेवा.

बॅटऱ्या ९८ वॅट-अवरच्या घ्या. १०० पर्यंतच्या सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत विनापरवानगी नेता येतात. १०० ते १६० मधल्या फक्त दोन, त्याही कंपनीला विचारून. त्याहून मोठी बॅटरी प्रवासी म्हणून नेताच येत नाही. चेक-इन सामानात सुटी बॅटरी टाकली तर स्कॅनरवर बॅग अडकते, आणि उड्डाणाच्या उशिराचं कारण तुम्हीच ठरता.

आवाजाचा त्रास वेगळाच. काउंटरवरच्या मुलीच्या गळ्यात स्कार्फ असतो आणि ओळखपत्राची पट्टी. माइक छातीच्या मध्यावर लावला की तिने बॅगेचं वजन बघायला वाकून मान वळवल्याबरोबर ओळखपत्र माइकवर आपटतं, आणि नेमकं “सर, काउंटर बंद झालंय” हे वाक्य खटखटीत जातं. माइक कॉलरच्या आतल्या बाजूला, खांद्याच्या शिवणीजवळ लावा. ओळखपत्र कमरेच्या क्लिपवर हलवता येतं का ते विचारा. रॅम्पवर चमकत्या जॅकेटचं कापड चुरचुरतं, तिथे माइक जॅकेटखाली शर्टावर. विमानाच्या शेपटाकडचं छोटं इंजिन चालू असेल तर मागच्या भागात संवाद मिळणारच नाही, ते सोडून द्या. बिनतारी माइकच्या वारंवारितांची यादी विमानतळाला आधी द्या.

रॅम्पवरची पंचवीस मिनिटं

रॅम्पवर पाय ठेवण्याआधी खिसे रिकामे करा. लेन्सचं झाकण, चिकटपट्टीचा तुकडा, पेनाचं टोपण, काहीही खाली पडलं की ते इंजिनात ओढलं जाऊ शकतं. झाकण दोरीने कॅमेऱ्याला बांधा. चमकतं जॅकेट, बंद बूट, कानाचं संरक्षण. पंखाखालून शॉर्टकट नाही, इंधनाच्या नळीवरून उडी नाही, आणि इंधन भरताना टाकीच्या व्हेंटपासून (वाफ बाहेर पडायच्या तोंडापासून) किमान ३ मीटर लांब, फोन बंद.

विमान येण्याआधी कर्मचारी जागेवरचा कचरा बघत चालतो, चोक (चाकांना लावायच्या पाचरी) आणि शंकू तयार ठेवतो. हा शांत शॉट घेऊन ठेवा, पुढे कामाला येतो. चाकं थांबली, चोक लागले, इंजिनं बंद झाली आणि विमानाच्या पाठीवरचा व पोटाखालचा लाल दिवा विझला, तोपर्यंत कोणीही पुढे जायचं नाही. तुमचं शून्य मिनिट चोक लागण्याचं. तेच कंपनीच्या नोंदीतही असतं.

पहिल्या दोन मिनिटांत जमिनीवरच्या विजेची जोडणी, शंकू, शिड्या आणि पोटाचं, म्हणजे खालच्या सामानाच्या कप्प्याचं दार. मग साधारण नवव्या मिनिटापर्यंत प्रवासी उतरतात आणि त्याच वेळी खालून बॅगा निघतात. किती दारं उघडतात यावर खूप काही अवलंबून आहे. इंडिगोने ऑगस्ट २०२२ मध्ये तिसरा उतार लावायचं ठरवलं तेव्हा उतरायला लागणारी १३-१४ मिनिटं ७-८ वर येतील असं सांगितलं होतं. सबंध टर्नअराउंड पंचवीस मिनिटांचा असताना सहा मिनिटं म्हणजे फार झाली.

त्यानंतरची चार मिनिटं केबिनमध्ये घालवा. बऱ्याच स्वस्त कंपन्यांत साफसफाईला वेगळी माणसं नसतात. हवाई सुंदऱ्या स्वतः हातमोजे घालून खिशांतले कागद उचलतात, पट्टे सरळ करतात. सगळ्या मालिकेत याहून बोलका शॉट सापडणं कठीण. त्याच वेळी एक वैमानिक खाली उतरून विमानाभोवती फेरी मारतो. टायर, पंखांच्या कडा, इंजिनाच्या पात्या बघतो. बिघाडाची गोष्ट इथेच जन्मते, म्हणून रॅम्पची जोडी या फेरीत त्याच्याबरोबर, पाच पावलं मागे.

बाराव्या-तेराव्या मिनिटाला बोर्डिंग सुरू. इंधन अजून चालू असेल तर “सीटबेल्ट बांधू नका” अशी घोषणा होते. प्रवाशांना ती विचित्र वाटते. आग लागली तर पटकन उठता यावं म्हणून ती असते. निवेदनात एका वाक्यात सांगून टाका. विसाव्या मिनिटाच्या आसपास वजनाचा हिशेब कॅप्टनपर्यंत पोचतो, माणसं मोजली जातात, आकडा जुळतो किंवा जुळत नाही.

जुळला नाही, तर नाट्य खाली रॅम्पवर आहे, केबिनमध्ये नाही. प्रवासी गेटवर आला नाही आणि त्याची बॅग पोटात गेलेली असली, तर बॅग उतरवल्याशिवाय विमान सुटत नाही. १९८५ मध्ये एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आणि १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन ॲमचं विमान पाडलं गेलं, दोन्ही वेळा बॉम्ब मालकाविना चढवलेल्या बॅगेत होता. हा नियम अशा रक्तातून आलेला आहे. आता व्यवहार बघा: बोइंग ७३७ मध्ये बॅगा सुट्या रचतात. लोडर अंधाऱ्या, कंबरेएवढ्या उंचीच्या पोटात गुडघ्यांवर रांगत एकेक चिठ्ठी टॉर्चने वाचतो, शेवटचे चार आकडे जुळवतो, बॅग मागे सरकवतो, पुढची ओढतो. हवी असलेली बॅग हमखास तळाला असते. दारातून लांब लेन्सने हे टिपा. आत शिरू नका, त्याच्या वाटेत याल. वर १७९ लोक घड्याळ बघतायत आणि खाली एक माणूस घामाघूम झालाय, हा जोड समांतर संकलनात फार चांगला बसतो. म्हणूनच टाइमकोडचा एवढा आग्रह.

एकाच टर्नअराउंडमध्ये सगळं टिपायला जाऊ नका. आज फक्त बॅगा, उद्या फक्त इंधन, परवा केबिन. मात्र तीन दिवसांचे तुकडे जोडून एकच उड्डाण म्हणून दाखवू नका. विमानांची आवड असलेले प्रेक्षक नाकाच्या चाकाच्या दारावरचे नोंदणीचे अक्षर वाचतात आणि दोन शॉटमध्ये वेगळं विमान दिसलं की दुसऱ्या दिवशी तुमची खिल्ली उडते. प्रत्येक क्लिपच्या नोंदीत नोंदणी लिहा, आणि जमीन ओली की कोरडी तेही.

काउंटर आणि गेट

आपल्याकडे देशांतर्गत उड्डाणाचं काउंटर बहुतेक कंपन्या सुटण्याच्या ६० मिनिटं आधी बंद करतात, गेट २५ मिनिटं आधी. पंचावन्नाव्या मिनिटाला आलेला माणूस म्हणतो, “विमान तर अजून उतरलेलंसुद्धा नाही, मग मला का अडवताय?” त्याचं म्हणणं खरं असतं. टर्नअराउंड २५-३० मिनिटांचा असेल तर काउंटर बंद होताना ते विमान आकाशातच असतं. पण त्याची बॅग पट्ट्यावरून तपासणीत, तिथून गाडीवर आणि गाडीवरून रॅम्पवर जायची आहे, आणि लोडची यादी त्याच्या आधी बंद होते. एवढं पाच शॉटमध्ये दाखवता येतं: बॅग, पट्टा, स्कॅनरचं तोंड (आतला पडदा नव्हे), गाडी, पोट. पाचही शॉट आधीच काढून ठेवा. ते हाताशी असले की काउंटरवरचा वाद दाखवताना कर्मचाऱ्याला खलनायक करावं लागत नाही.

कॅमेरा काउंटरच्या आतल्या बाजूला, कर्मचाऱ्याच्या खांद्याच्या थोडा मागे ठेवा. प्रवाशाच्या तोंडासमोर लेन्स धरली की तो लेन्ससाठी भांडायला लागतो. वाद सुरू झाला की जवळ सरकू नका, थांबा. आणि घड्याळाचा एक शॉट घ्या. भांडणाच्या आधीचं आणि नंतरचं घड्याळ नसेल तर ते दृश्य संकलनात निरुपयोगी.

नियमांची पाटी पडद्यावर टाकायची तर दोन गोष्टींची गल्लत करू नका. उशिरा आलेल्याला नुकसानभरपाई नसते. त्याला विमानतळाचे कर आणि शुल्क परत मिळतात. तिकीट पक्कं असून, वेळेवर येऊन, जागा जास्त विकल्यामुळे ज्याला चढू दिलं नाही, त्याची गोष्ट वेगळी. त्याला एका तासाच्या आत दुसरं विमान मिळालं तर काही नाही; २४ तासांच्या आत मिळालं तर एकतर्फी मूळ भाडं अधिक इंधन शुल्काच्या २०० टक्के, कमाल १०,००० रुपये; त्याहून उशिरा असेल तर ४०० टक्के, कमाल २०,०००. युरोपात भरपाईचा व्यापक कायदा १७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. त्यामुळे ‘एअरलाइन’च्या सुरुवातीच्या पर्वांत प्रवासी इतके हताश का दिसतात, त्याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

मोठा गोंधळ झाला तर सगळ्या जोड्या काउंटरवर पाठवण्याची चूक होते. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली होती, रात्रीच्या उतरणीवरही मर्यादा आली होती आणि माणसं कमी पडली. अशा दिवशी टर्मिनलमधली गर्दी प्रत्येक बातमीवाला दाखवतोच. तुमच्या परवान्याचा खरा उपयोग ड्युटीचे तक्ते बनवणाऱ्यांच्या खोलीत आहे.

विमानात

दोनच माणसं, रीतसर तिकिटं काढून, आणीबाणीच्या दाराची रांग सोडून. उड्डाण आणि उतरताना कॅमेरा आसनाखाली. ५० आसनांमागे एक कर्मचारी या नियमाने १८६ आसनांना चार जणच असतात आणि विक्रीची ट्रॉली वाटेत असते. तिच्यामागून चालत जाऊन शॉट घेता येत नाही, पुढच्या स्वयंपाकघरातून घ्या. कॉकपिट फक्त जमिनीवर, दार उघडं असताना. १०,००० फुटांखाली वैमानिक कामाव्यतिरिक्त बोलत नाहीत, आणि हवेत तुम्हाला तिथे जागा नाही.

संमती आणि झाकायच्या गोष्टी

प्रवेशाशी मोठी पाटी लावा, मराठी, हिंदी, इंग्रजीत. पण पाटी म्हणजे संमती नव्हे. ज्याचा चेहरा आणि आवाज कथेत येणार त्याची सही हवी. रागात असताना फॉर्म पुढे करू नका. तो शांत होऊन पाणी प्यायल्यावर, कॅमेरा बंद करून विचारा, आणि नाही म्हणाला तर लगेच क्लिपवर खूण करा. दारू प्यायलेल्याने दिलेली संमती धरायची नाही, दुसऱ्या दिवशी फोन करून पुन्हा विचारायचं. मुलं असतील तर पालकांची सही. प्रकृती बिघडलेला प्रवासी कितीही चांगलं दृश्य असलं तरी सोडा.

प्रक्षेपणाआधी एक माणूस फक्त झाकायच्या गोष्टी बघायला बसवा. बोर्डिंग पास सर्वांत घातक: पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर कोणीही ते तिकीट उघडून बदलू शकतो, आणि बारकोड स्थिर चित्रावरून वाचता येतो. बॅगेच्या चिठ्ठीवरही नाव असतं. त्याशिवाय कर्मचाऱ्यांची ओळखपत्रं, दारांवर दाबले जाणारे आकडे, एक्स-रेचे पडदे, सीआयएसएफच्या जागा, ऑपरेशन्सच्या फळ्यावरचे वैमानिकांचे फोन नंबर. हे शेवटचं हमखास राहून जातं, कारण फळा नेहमी मागे आणि किंचित अस्पष्ट असतो; उच्च दर्जाच्या चित्रात तो मोठा करून वाचता येतो.